कुणाचीच फीत नसलेली खुर्ची

“आधी चाकं पूस, मग हात पूस. आणि काही झालं तरी हिला कुणाची फीत बांधू नकोस.”

मित्रांनो, हा आवाज टॅबिथा मावशीचा. माझ्या विणीच्या फटीफटीत तो मुरून राहिला आहे. मला बाहेर काढताना ती एवढेच म्हणायची. कधी आपल्या भाचीला, लेटीला. कधी मला न्यायला आलेल्या शेजाऱ्याला. आणि समोर कुणीच नसले तर स्वतःलाच.

मी एक जुनी खुर्ची आहे. चार पायांची नव्हे, तीन चाकांची. मागे दोन मोठी चाके, पुढे एक लहान. अंग नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडाच्या लवचिक फोकांनी विणलेले, दोन बाजूंना टेकायला हात आणि डोक्यावर कातडी छत. ते छत आता उंदरांनी खाल्ले आहे. पुढच्या चाकाला एक लांब दांडा आहे. बसणाऱ्याने तो हातात धरून मला वळवायचे आणि मागच्याने पाठीची मूठ धरून ढकलायचे. दिशा एकाची आणि दम दुसऱ्याचा. त्यामुळे मला घेऊन निघालेली दोन माणसे वाटेत भांडली नाहीत असे क्वचितच झाले.

माझा जन्म नदीकाठच्या एका टोपलीवाल्याच्या छपरात झाला. त्याच्या हातांना कायम ओल्या सालीचा वास यायचा. फोका भिजत घालायच्या, सोलायच्या, एकीखालून एक ओवायची, हे तो इतक्या शांतपणे करायचा की जवळच्या चिमण्यासुद्धा उडायच्या नाहीत. हेडरली या आमच्या गावातल्या लोकरीच्या गिरणीमालकांनी आपल्या थोरल्या आईसाहेबांसाठी मला विकत घेतले. आईसाहेबांनी मला समुद्रकाठी नेले, बागेत फिरवले, माझ्या गादीवर बसून कितीतरी झोपा काढल्या. त्या गेल्यावर घरच्यांनी मला गावातल्या चॅपलला, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराला, देऊन टाकले. देताना आईसाहेबांच्या इच्छेप्रमाणे एकच अट घातली होती. चॅपलला येणारा असो की न येणारा, देवाला मानणारा असो की देवाशी भांडलेला, ज्याला चालवत नाही त्याला ही खुर्ची मिळावी. आणि जो आधी मागेल त्याला आधी.

ही अट मावशीने जिवापाड जपली.

टॅबिथा मावशी चॅपलची राखण करायची. पहाटे उठून आधी बायबलमधले वचन वाचायचे, मग चॅपलमधली शेगडी पेटवायची, आणि गावातल्या एका तरी आजारी माणसाची विचारपूस करून आल्याखेरीज चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असा तिचा रोजचा नेम होता. नेमाविषयी ती कधी बोलत नसे. लोकांनाच तिच्या चपलांच्या आवाजावरून किती वाजले ते कळायचे. लेटी तिच्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, तेव्हापासून लेटी मावशीपाशीच वाढली. मावशीने तिला दोन गोष्टी शिकवल्या, दिलेला शब्द पाळायचा आणि माझी चाके पुसायची. दुसरी लेटी लवकर शिकली.

ती माझी भरभराटीची वर्षे होती, मित्रांनो. युद्धावरून परतलेल्या, एक पाय गमावलेल्या मुलांना मी नदीकाठी ऊन खायला नेले. अवघडलेल्या पोरींना माहेरी पोचवले. उन्हाळ्यातल्या चॅपलच्या मिरवणुकीत सगळ्यात म्हाताऱ्या बाईला माझ्यात बसवून सगळ्यांच्या पुढे नेत, आणि तिच्या मांडीवर आल्याच्या केकाचे ताट ठेवत. एकदा तर शेजारच्या गावाहून माझ्यावर लादून हार्मोनियम आणला होता. माझ्या डाव्या चाकाला तेव्हापासूनच कुरकुरायची सवय लागली. कितीही तेल घाला, चढ आला की ते कुरकुरायचेच. गल्लीतल्या बायका ऐकूनच म्हणायच्या, “निघाली गं टॅबी कुणाला तरी घेऊन.”

आणि मग त्या हिवाळ्यात आमच्या खोऱ्याचे पार्लमेंटातले सभासद वारले आणि पोटनिवडणूक आली.

सार्वत्रिक निवडणूक सगळ्या देशाची असते. पोटनिवडणूक मात्र फक्त आमची. लंडनची वर्तमानपत्रे आमच्या गिरणीचे धुराडे छापू लागली. भिंत म्हणून मोकळी राहिली नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी पेटीवर उभे राहून बोलतेय आणि खालून बायका त्याची फिरकी घेताहेत, असे चालले होते. तीस वर्षांवरच्या बायकांना मत आधीच होते, पण एकवीस वर्षांवरच्या सगळ्या मुलींना ते मिळून फार दिवस झाले नव्हते. लेटीचे हे पहिलेच मतदान. दिवसभर मागावर उभी राहून ती संध्याकाळी मजूर पक्षाच्या खोलीत जायची आणि रात्री मावशीला सगळे सांगायची. मावशीही मजूर पक्षाचीच. त्यांचा उमेदवार त्याच गिरणीत विणकर होता आणि रविवारी चॅपलच्या मागच्या बाकावर बसायचा. पण मावशीच्या छातीवर पक्षाचे लाल फितीचे फूल कधी दिसले नाही.

“मावशी, एवढं एक फूल लावायला तुला काय होतंय?” लेटी विचारायची.

“मला काही होत नाही. पण मी ज्याच्या दारात खुर्ची घेऊन जाते, त्याला काही व्हायला नको.”

आता रंगांचे सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातच आहे. आमच्या खोऱ्यात उदारमतवाद्यांचा रंग निळा, हुजूर पक्षाचा पिवळा आणि नंतर आलेल्या मजूर पक्षाचा लाल. आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आले होते. मूल जन्मले की आजी लोकर कोणत्या रंगाची घेते यावरून घराचे राजकारण कळायचे. देशात बऱ्याच ठिकाणी निळा रंग हुजूर पक्षाचा असतो, हे आमच्याकडे कुणाच्या गावीही नव्हते. आणि आमच्याकडे तो उदारमतवाद्यांचा आहे, हे लंडनहून हुजूर पक्षाच्या मदतीला आलेल्या मंडळींच्या गावी नव्हते. त्यांनी येताना पेटी भरून निळी फुले आणली होती. गावातल्या हुजूरवाल्यांनी कपाळाला हात लावला, पण तोवर लंडनच्या पाहुण्यांच्या मोटारींना निळ्या फिती बांधून झाल्या होत्या.

मावशी रोज सकाळी ज्यांची विचारपूस करायला जायची, ते त्या हिवाळ्यात एनोककाका होते. लोकर पिंजता पिंजता म्हातारे झालेले, एका डोळ्याने जवळजवळ आंधळे आणि गुडघ्यांनी कामातून गेलेले. पक्के उदारमतवादी. त्यांच्या पक्षाला खोऱ्यात उतरती कळा लागली होती. पैसेवाले हुजूर पक्षाकडे गेले, पोरे मजूर पक्षाकडे गेली, आणि काकांसारखी मूठभर मंडळी आपापल्या जागी बसून राहिली. त्यांच्या पक्षाकडे मोटार नव्हतीच.

काकांची बायको रूथ. तिच्या हयातीत बायकांना मत नव्हते. पण प्रत्येक निवडणुकीला ती काकांबरोबर टेकडीवरच्या शाळेपर्यंत चालत जायची. काका आत मत देत, ती दाराशी त्यांची टोपी हातात धरून उभी राहायची. बायकांना मत मिळाले त्याच्या आदल्या हिवाळ्यात ती गेली. जाण्यापूर्वी काकांनी तिला शब्द दिला होता की जिवात जीव असेपर्यंत मी एकही मतदान चुकवणार नाही, माझ्या एका मतात तुझंही धर. हे काकांनी मावशीला एकदाच सांगितले होते, तेही लापशी खाता खाता, भिंतीकडे बघत.

मतदान गुरुवारी होते. त्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी मावशीने विचारले, “काका, गुरुवारी कसं करायचं?”

“तुझी ती कुरकुरी मिळेल का?”

“संध्याकाळसाठी तुम्हीच पहिले मागणारे. तुमचा नंबर लागला. सहाला येते.”

“अगं टॅबी, पण मी निळ्याला देणार. तुझं एक आणि माझं एक, दोन्ही मतं एकमेकांना खाऊन टाकणार. टेकडी चढायची, घाम गाळायचा, आणि हातात काय?”

“घाम माझा आहे, काका. तुम्ही दांडा नीट धरा म्हणजे झालं.”

गुरुवारी सकाळपासून गारठा होता. दुपारनंतर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडू लागले. मी दिवसभर हिंडले. एका पांगळ्या चांभाराला नेले, तो पिवळा होता. दोन म्हाताऱ्या बहिणींना एकामागून एक नेले, त्यातली एक लाल आणि एक निळी, आणि दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. पावणेसहाला मावशीने माझी चाके पुसली, हात पुसले आणि आम्ही काकांच्या दारी पोचलो.

दाराला कडी होती. शेजारीण डोकावली आणि म्हणाली, “अगं, ते गेले की मघाशीच. निळी मोटार आली होती त्यांची. काय ऐट होती म्हाताऱ्याची! मला म्हणाले, टॅबीला सांग, आज तुझ्या पाठीला सुट्टी.”

मावशी क्षणभर थांबली. निळ्यांना मोटार कधी मिळाली, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर उमटून गेला. पण गिरणीतून सुटलेली लेटी तेवढ्यात धावतच आली. लाल फूल, ओला स्कार्फ, गाल थंडीने लालबुंद.

“मावशी, खुर्ची मोकळी आहे ना? क्राउदरबाईंना न्यायचंय. कंबर धरलीय त्यांची. मतदारांना न्यायला आमच्या पक्षाने काढलेल्या कोळशाच्या गाडीवर चढेनात.”

“मोकळी आहे. चल.”

क्राउदरबाईंचे घर टेकडीच्या वाटेवरच, अर्ध्या चढाच्या पुढे डावीकडच्या गल्लीत होते. आम्ही तिघी निघालो. माझे डावे चाक कुरकुरू लागले. चढाच्या मध्यावर घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोणी आहे. तिच्या काठावर, अंगावर बर्फ झेलत, एक माणूस काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

“काका?” मावशी म्हणाली.

एनोककाकांनी मान वर केली. ओठ निळे पडले होते, पण आवाज शाबूत होता. “कोण, टॅबी? आलीस? मला कुरकुर ऐकू आली, पण म्हटलं आता कानांचाही काय भरवसा, डोळ्यांनी मघाशी भलत्याच गाडीत बसवलं.”

“काका, तुम्ही इथे कसे?”

“अगं, निळी फीत बघितली आणि बसलो. फरची कॉलर घातलेली एक पोरगी गाडी चालवत होती, बोलायला गोड. पायांवर घोंगडी घातली माझ्या. इथवर आल्यावर म्हणते, आजोबा, तुमच्यासारख्या जुन्या माणसांनीच आमच्या कॅप्टनसाहेबांना तारायचंय. मी म्हटलं, कोण कॅप्टन? आमचे तर वकील उभे आहेत. तेव्हा कळलं. म्हटलं, थांबव गाडी.”

लेटीला हसू आवरेना. “मग बसायचं होतं ना तसंच! सगळी दुनिया तेच करतेय. त्यांच्या मोटारीतून जायचं आणि आत जाऊन आपलं मत द्यायचं.”

“दुनिया करत असेल. ज्याला पाडायला निघालो त्याच्याच घोंगडीखाली पाय घालून जाऊ? रूथ दाराशी असती तर तिने मला त्या मोटारीतून उतरताना बघून तोंड फिरवलं असतं. ती पोरगी बिचारी रडकुंडीला आली, आजोबा पावसात उतरू नका म्हणाली. मीच म्हटलं, पोरी, तुझं काही चुकलं नाही. फीत चुकली.”

काका उठायला गेले आणि परत बसले. डोणीपासून शाळेपर्यंतचा चढ त्यांच्याने होणार नव्हता हे कुणालाही दिसत होते. आणि आठ वाजता शाळेचे दार बंद होणार होते.

मावशीने माझ्यावरचे मेणकापड बाजूला केले. “बसा, काका.”

“मावशी!” लेटीचा आवाज चढला. “क्राउदरबाई सकाळपासून कोट घालून बसल्यात. त्यांना मी शब्द दिलाय.”

“तू आत्ता दिलास. काकांना मी मागच्या आठवड्यात दिलाय.”

“त्यांनी तो मोडला ना? मोटारीत बसले ना ते?”

“ते चुकून बसले. मी चुकून बोलले नव्हते.”

“म्हणजे एक लाल मत घरात बसवायचं आणि निळं मत पावसात ढकलत न्यायचं. वरून तुझं स्वतःचं मत त्यात पुसून टाकायचं. हे माझं पहिलं मतदान आहे, मावशी. या दिवसासाठी मी दोन महिने घसा बसवलाय. आणि माझ्याच घरातलं माणूस...”

मावशी काकांच्या खांद्याखाली हात घालून त्यांना बसवत होती. तिने वळूनही पाहिले नाही. “लेटी, खुर्चीला कुणाची फीत बांधत नाही ती का? माणूस आत बसला की मग तो कुणाचाच नसतो. नुसता न चालणारा असतो.”

काका म्हणाले, “टॅबी, पोरीचं खरं आहे. मला घरी सोड. हे हरणारंच मत आहे.”

“हरणारं असेल. पण न दिलेलं नसावं.”

लेटीने डोळे पुसले, लाल फूल ताठ केले आणि ती डावीकडच्या गल्लीत निघून गेली. मित्रांनो, तिच्या बुटांचा तो खाडखाड आवाज मला फार लागला. मी काही दोघींना एकमेकींपासून तोडायला जन्मले नव्हते.

त्यापुढचा चढ माझ्या आयुष्यातला सगळ्यात जड चढ. दगडी वाट बुळबुळीत झाली होती. काकांनी दांडा धरला होता, पण एका डोळ्याने त्यांना खड्डे नीट दिसत नव्हते, आणि दिसेल तो खड्डा ते माझ्या पुढच्या चाकाला दाखवत होते.

“काका, उजवीकडे.”

“उजवीकडेच घेतोय.”

“ती भिंत आहे.”

“मग तू ढकलतेस कशाला भिंतीवर?”

मावशी हसायची, थांबायची, श्वास घ्यायची. थोड्या वेळाने तिचे हसू थांबले. शाळेच्या खिडक्यांतला उजेड दिसू लागला, पण अखेरचा चढ बाकी होता आणि तिथे माझी चाके जागच्या जागी फिरू लागली. मावशी हलकेच काहीतरी पुटपुटत होती. मला ते सकाळचे वचन वाटले.

तेवढ्यात मागून दिव्यांचा झोत आला. निळ्या फितीची मोटार होती. ती आमच्या शेजारी थांबली. आत फरची कॉलर घातलेली ती मुलगी, आणि तिच्या शेजारी घोंगडी गुंडाळून, राणीसारख्या बसलेल्या क्राउदरबाई. दार उघडून लेटी खाली उतरली. तिच्या कोटावर लाल फूल नव्हते. खिशातून त्याची एक फीत तेवढी लोंबत होती.

क्राउदरबाई काच खाली करून म्हणाल्या, “टॅबी, मोटार त्यांची आणि मत माझं. मला काही लाज नाही बाई. कंबर दुखते तेव्हा लाज परवडत नाही.” मग त्या मोटारवाल्या मुलीकडे वळल्या. “तू वाईट वाटून घेऊ नकोस हं पोरी. घोंगडी छान आहे.”

त्या मुलीने मान डोलावून मोटार पुढे नेली. तिला एव्हाना आमच्या खोऱ्याची ओळख पटली असावी.

लेटी मावशीच्या शेजारी उभी राहिली. मावशीने माझ्या मुठीवरचा एक हात सरकवून तिला जागा करून दिली. दोघींनी मिळून जोर लावला.

काका पुढून म्हणाले, “आता जोर वाढला. कोण आलं?”

“मी आहे, काका. लाल.”

“मग डावीकडेच ओढशील मला.”

“तुम्ही दांडा सरळ धरा हो.”

शाळेच्या दाराशी हवालदार उभा होता. त्याने आणि मावशीने काकांना दोन पायऱ्या चढवल्या. उंबऱ्याशी काका थांबले. त्यांनी डोक्यावरची ओली टोपी काढली, इकडेतिकडे पाहिले आणि ती लेटीच्या हातात दिली.

“धर जरा. रूथ धरायची.”

ते आत गेले. लेटी दाराशी टोपी धरून उभी राहिली. तिला स्वतःला अजून मत द्यायचे होते, पण काका बाहेर येईपर्यंत ती हलली नाही. मी पायरीखाली बर्फात उभी होते. तिथून मला तिचा चेहरा दिसत होता. तसा तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. विणकर निवडून आला, कॅप्टनसाहेब दुसरे, आणि काकांचे वकील फार मागे, तिसरे. गिरणीत लेटीच्या मैत्रिणींनी मागांवर लाल फिती बांधल्या. संध्याकाळी ती आणि मावशी मला धुऊन पुसून आत ठेवत होत्या.

“जिंकलो ना आपण,” लेटी म्हणाली. “काकांच्या मताने काही बिघडलं नाही.”

“बिघडलं असतं तर?”

लेटीने माझे डावे चाक पुन्हा एकदा पुसले. मग म्हणाली, “तरी तू नेलंच असतंस.” आणि थोड्या वेळाने, “मावशी, तुझे पाय थकले ना, की मी तुला नेईन. याच खुर्चीतून. मीच ढकलीन. तू कुणालाही मत दे.”

“बोलायला काय जातंय तुझं? मी आत्ता लालच आहे.”

“कुणालाही म्हटलंय मी.”

मावशी हसली आणि म्हणाली, “हात पूस आता.”

एनोककाका त्या वसंतात गेले. त्यांनी रूथला दिलेला शब्द पुरा झाला होता. त्यांच्या नातेवाइकांनी ती टोपी लेटीला दिली.

पुढचे सगळे भरभर झाले, मित्रांनो. दुसरे युद्ध आले. हॉस्पिटलने लोखंडी, घडी होणाऱ्या खुर्च्या आणल्या. त्या हलक्या होत्या, दारातून सहज जात, आणि कुरकुरत नसत. मला मागणारे कमी झाले. मग कुणीच उरले नाही. चॅपलच्या नव्या कारभाऱ्यांनी मला तळघरात, कोळशाच्या ढिगाशेजारी ठेवले. उंदरांनी छत खाल्ले, गादीतला काथ्या बाहेर आला, वीण ठिकठिकाणी तुटली. कधी कोळसा काढायला आलेले कुणी माझ्यावर फावडे टेकवून जायचे. मी अंधारात जुने आवाज ऐकत, जुने वास घेत बसायचे. मिरवणुकीतल्या केकाचा वास, काकांचे “उजवीकडेच घेतोय”, मावशीच्या चपला.

मावशीच्या चपला मग थांबल्या. थंडीतल्या एका सकाळी तिच्या अर्ध्या अंगातले वारे गेले. तिला चालता येत नाही आणि बोलणे थोडे जड झाले आहे, असे वरच्या बायकांच्या बोलण्यातून मला कळले. तिचा नेम मात्र मोडला नाही. आता आजाऱ्यांना ती खिडकीतून हात करते, आणि मगच चहा घेते.

माझे मागणे फार थोडे आहे. तुमच्या घरी, शाळेत, देवळात कुठल्या तरी कोपऱ्यात माझ्यासारखे काही पडलेले असेल. त्याला कधीतरी उजेडात आणा. थोडे तेल द्या, चाके असतील तर पुसा. जुनी वस्तू नुसती लाकडाची किंवा फोकांची नसते. तिच्यापाशी कुणीतरी काहीतरी बोललेले असते, आणि बोलणारा विसरला तरी ती विसरलेली नसते.

काल तळघराच्या जाळीतून मला कर्ण्याचा आवाज आला. त्या हिवाळ्यात निवडून आलेला आमचा विणकर म्हातारा होऊन वारला आणि खोऱ्यात पुन्हा पोटनिवडणूक लागली आहे. आज मतदान. लेटी आता मजूर पक्षाची इथली मुख्य कार्यकर्ती आहे. सगळी धावपळ तिच्याच माथ्यावर. आणि वरच्या बायका म्हणतात, मावशीच्या खिडकीत या खेपेला उदारमतवाद्यांची निळी पाटी आहे. का, ते मावशीने सांगितले नाही आणि लेटीने विचारले नाही.

मघाशी तळघराचे दार उघडले. उजेडात आधी मला लेटीचे पाय दिसले. केस पिकलेत तिचे. मागे जिन्यावर तिच्या पक्षातली एक तरुण बाई उभी होती.

“लेटीताई, आजच्या दिवशी हे काय काढलंत? बाहेर आपल्या चार मोटारी उभ्या आहेत. पाठवा की त्यातली एक मावशींना.”

“मोटारींना लाल फिती आहेत.”

“मग फीत काढून पाठवा.”

लेटीने माझ्यावरचे फावडे उचलून भिंतीला टेकवले. “ढकलीन म्हणाले होते. मोटार पाठवीन असं नव्हते म्हणाले.”

“पण त्या तर निळ्याला...”

“हो. चढापाशी जोर कमी पडला तर तुला हाक मारीन.”

ती बाई वर निघून गेली. लेटीने तुटलेल्या विणीवर जाडशी शाल अंथरली. छताच्या जागी मेणकापड बांधले. चाकांना तेल घातले. मग खाली बसून तिने माझी चाके पुसली, आधी उजवे, मग डावे, मग पुढचे लहान. त्यानंतर हात पुसले. कोटावरचे लाल फूल काढून खिशात ठेवले, आणि दुसऱ्या खिशातून एक जुनी टोपी काढून माझ्या गादीवर ठेवली.

मग एकेक पायरी ओढत तिने मला वर आणले. बाहेर पाऊस नाही. चॅपलसमोरची गल्ली मावशीच्या घराकडे उतरत गेली आहे. लेटीने एकदा खाली पाहिले, माझी मूठ धरली, आणि ती उताराला लागली.